डोनेशन, देणगी आणि साटंलोटं

पत्र थोडक्यात असं: अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्सजवळच्या एका उपनगरात राहणाऱ्या या वाचक. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. मुलगी सहावीत, मुलगा तिसरीत, दोघंही घराजवळच्या सार्वजनिक शाळेत. मुलाला वाचन जड जातं, म्हणून शाळेने त्याचा आयईपी, म्हणजे त्याच्यापुरती खास शिक्षण-योजना, केला आहे. आठवड्यातून चार दिवस एक बाई त्याला वेगळं बसवून वाचून घेतात. मराठी मंडळातल्या दोन कुटुंबांनी आपली मुलं खासगी शाळेत घातली आणि आता यांनीही तसंच करावं म्हणून एक प्रस्ताव ठेवला आहे. "तुम्ही आमच्या मुलाचं नाव सुचवून शिष्यवृत्तीच्या संस्थेला पैसे द्या, आम्ही तुमच्या मुलांचं नाव सुचवून देतो. टॅक्समधून सगळे पैसे परत मिळतात, कुणाच्याच खिशाला चाट नाही." नवऱ्याला हे पटलं आहे. वाचकांचे वडील सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि त्या स्वतःही तिथेच शिकल्या. त्या लिहितात, "नवरा म्हणतो, तू भावनिक होतेस. राज्याचा आमचा कर साधारण ३,४०० डॉलर होतो. तो सरकारला देण्यापेक्षा मुलांच्या शाळेला दिला तर काय बिघडलं? मला उत्तर देता येत नाही, पण घशाखाली उतरतही नाही. पुढच्या शनिवारी त्यांच्याकडे जेवायला बोलावलंय आणि तेव्हा हो-नाही सांगायचंय."

आधी अदलाबदलीचं बोलू, कारण तिथे विचार करायला फारशी जागा नाही. तुमचे मित्र सुचवताहेत त्याला मराठीत एक जुना, नेमका शब्द आहे: साटंलोटं. तुमची मुलगी आमच्या घरात, आमची तुमच्या घरात. अ‍ॅरिझोनाच्या कायद्याने नेमकं हेच बंद केलं आहे. आपल्यावर अवलंबून असलेल्या मुलाचा फायदा व्हावा म्हणून दुसऱ्या करदात्याशी देणग्यांची अदलाबदल ठरवली, तर त्या देणगीवर कर-सवलत मागता येत नाही. हे कुठल्या बारीक अक्षरात दडलेलं नाही. ज्या संस्थांमार्फत हे पैसे खासगी शाळांतल्या मुलांच्या फीसाठी जातात, त्या स्कूल ट्यूशन ऑर्गनायझेशन, म्हणजे तुम्ही लोक ज्यांना एसटीओ म्हणता, त्यांनी हा इशारा स्वतःच्या संकेतस्थळावर आणि छापील कागदांवर द्यायचा असतो. तुमच्या मित्रांनी ज्या संस्थेचं नाव दिलं असेल तिच्या पानावर जरा खाली जाऊन बघा, तिथे सापडेल.

मित्राच्या मुलाचं नाव सुचवायला मात्र बंदी नाही, तेवढं बरोबर आहे. देणगीदाराने एखाद्या मुलाची शिफारस केली तर संस्था ती विचारात घेऊ शकते, फक्त त्या एकाच आधारावर शिष्यवृत्ती देता येत नाही, आणि ते मूल देणगीदाराचं स्वतःचं नसावं. सवलत जाते ती "तुम्ही आमचं, आम्ही तुमचं" या ठरवण्यामुळे. ते कागदावर नसून फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा जेवणाच्या टेबलावर ठरलं, म्हणून ते ठरलंच नाही असं होत नाही. तुम्ही दोघं एकत्र रिटर्न भरत असाल तर त्यावर सही दोघांची असते. नवऱ्याला एवढंच सांगा, की ही सही माझीही आहे. यात भावना कुठे आली?

आता दुसरं वाक्य, "कुणाच्याच खिशाला चाट नाही." मला वाटतं तुमच्या घशात अडकलंय ते हेच.

भारतातून गेलेल्या माणसाला ही सवलत म्हणजे आपलं ऐंशी-जीच वाटतं. तसं ते नाही. ऐंशी-जीमध्ये देणगीची निम्मी, कधी पूर्ण रक्कम तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते. हजार रुपये दिले तर शेदोनशे, फार तर तीनशे रुपये कर वाचतो आणि बाकीचे खरोखर तुमचे जातात. अ‍ॅरिझोनात देणगी थेट करातूनच वजा होते, डॉलरला डॉलर. १९९७ साली तिथल्या विधिमंडळाने हे सुरू केलं तेव्हा मर्यादा ५०० डॉलर होती. पुढे २०१२ मध्ये दुसरी, वरची सवलत जोडली गेली. २०२५ च्या करासाठी एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याला मूळ सवलतीत १,५३५ आणि वरच्या सवलतीत १,५२७, असे मिळून ३,०६२ डॉलर देता येतात. कर त्याहून कमी असेल तर उरलेली सवलत पुढची पाच वर्षं वापरता येते. १५ एप्रिलपर्यंत दिलेले पैसे मागच्या वर्षाच्या खात्यात धरता येतात, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये तुमच्याकडे या संस्थांच्या जाहिराती आपल्याकडच्या दिवाळी सेलसारख्या येत असतील.

आता तुमचाच आकडा घ्या. अ‍ॅरिझोनाचा आयकर २०२३ पासून सरसकट अडीच टक्के आहे. तुमचा कर ३,४०० डॉलर. त्यातले ३,०६२ वळवले तर राज्याच्या तिजोरीत तुमचे ३३८ डॉलर उरतात. तुमच्या खिशाला खरंच चाट नाही. तिजोरीला मात्र आहे, आणि त्या राज्याच्या जनरल फंडातला सर्वांत मोठा वाटा शाळांचाच असतो. ज्या बाई तुमच्या मुलाला आठवड्यातून चार दिवस वेगळं बसवून वाचून घेतात, त्यांचा पगार कुठल्या तरी सरकारी पैशातूनच होतो.

याचा अर्थ तुमचे मित्र किंवा ही योजना वाईट, असं मी म्हणत नाही. हा पैसा नक्की कुणाचा, या प्रश्नावर अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालयसुद्धा दुभंगलं होतं. २०११ साली याच अ‍ॅरिझोना योजनेवरचा खटला पाच विरुद्ध चार मतांनी निकाली निघाला. बहुमताचं म्हणणं असं, की हे पैसे कधी सरकारच्या हातात आलेच नाहीत, ते नागरिकाने आपल्या मर्जीने दिलेले आहेत, म्हणून इतर करदात्यांना त्यावर दावा लावण्याचा अधिकार नाही. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती एलेना केगन यांचं म्हणणं असं, की सरकारने रोख अनुदान दिलं काय आणि तेवढाच कर सोडून दिला काय, फरक कागदावरचा आहे. तुमच्या घरात नवरा बहुमताच्या बाजूने आहे आणि तुम्ही केगनबाईंच्या. तेव्हा "तू भावनिक होतेस" हे मनावर घेऊ नका. तुमच्या बाजूने चार न्यायमूर्ती होते.

माझं मत विचाराल तर मला गोंधळ शब्दांचा वाटतो. मी एका अनुदानित शाळेत बावीस वर्षं शिकवलं. आपल्याकडे 'देणगी' शब्दाला मान आहे, 'वर्गणी'त आपलेपणा आहे, आणि 'डोनेशन' म्हटलं की आई-बापाच्या चेहऱ्यावर आकडा उमटतो. महाराष्ट्रात १९८७ पासून कॅपिटेशन फी घ्यायला कायद्याने बंदी आहे, तरी मी स्वतः एका शाळेच्या ऑफिसबाहेर 'इमारत निधी'ची पावती हातात घेऊन उभी राहिले आहे, माझ्याच भाच्याच्या प्रवेशासाठी. पावतीवर 'स्वखुशीने' असा शिक्का होता. आमच्या वहिनींची खुशी बघण्यासारखी होती. तुमच्याकडची ही रक्कम या तिन्हींत बसत नाही. ती देताना तुमचं काही जात नाही, म्हणून तिला दान म्हणवत नाही. ती लाचही नाही. आपल्या कराचा एवढा हिस्सा कुठे जावा हे सांगण्याचा अधिकार राज्याने तुम्हाला दिलाय, इतकंच. दान म्हटलं तर कुणाला दिलं हे विचारणं उद्धटपणाचं वाटतं. अधिकार म्हटला की तो कसा वापरला, हे विचारता येतं.

तर तो कसा वापरायचा? एक वाट अशी, की काहीच न करता नेहमीसारखा कर भरायचा. त्यात काडीचंही चूक नाही, हे आधी सांगते, कारण सध्या 'सवलत सोडली' म्हणजे पैसे गटारात टाकले असं लोकांना वाटायला लागलंय. दुसरी वाट तुमच्या मित्रांनी बहुधा सांगितलेली नसेल. सार्वजनिक शाळेसाठीही वेगळी सवलत आहे. जोडप्याला ४०० डॉलरपर्यंत आपल्या पसंतीच्या सार्वजनिक किंवा चार्टर (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र कारभाराने चालणाऱ्या) शाळेला बँड, रोबोटिक्स, खेळ, सहल अशा गोष्टींसाठी देता येतात. मुख्य म्हणजे स्वतःच्या मुलाची अशी फीसुद्धा त्यात धरली जाते. घरातल्या मुलाला सरळ हाताने फायदा द्यायची सोय याच एका ठिकाणी आहे, आणि लोक ती विसरतात. मुलीच्या शाळेत बँड असेल तर सुरुवात तिथून करा. तिसरी वाट, एसटीओलाच द्यायचं, पण कुणाचंही नाव न सुचवता. संस्था आपापल्या तऱ्हेच्या असतात. काही एकाच धर्माच्या शाळांशी बांधलेल्या, काही घरची मिळकत बघून देणाऱ्या. देण्यापूर्वी फोन करून तीन गोष्टी विचारा. कमी उत्पन्नाच्या किती मुलांना दिलं? एका मुलाला साधारण किती दिलं? शिफारशीवरून किती वाटलं? कायद्याने जमा रकमेतले किमान ९० टक्के शिष्यवृत्तीवर जायला हवेत, आणि राज्याचं महसूल खातं दरवर्षी सगळ्या संस्थांचा अहवाल प्रसिद्ध करतं. फोनवर गोड बोलणारी संस्था अहवालात कशी दिसते, ते ताडून बघा.

आता खरा प्रश्न. अख्ख्या पत्रात तुम्ही कर, मित्र, वडील आणि नवरा यांच्याबद्दल लिहिलंत. मुलांना त्या खासगी शाळेत का घालायचं, याबद्दल एकही वाक्य नाही. मी पत्र दोनदा वाचलं. प्रस्ताव करसवलतीचा आला आणि त्याच्या शेपटीला बांधून शाळा आली. मुलीची तक्रार नाही. मुलगा त्या वाचनाच्या बाईंचं नाव घरी रोज घेतो, असं तुम्हीच एका ओळीत लिहून पुढे गेलात.

त्या ओळीपाशी थांबा. आयईपी म्हणजे शाळेने केलेला नुसता उपकार नव्हे. अमेरिकेच्या अपंग विद्यार्थी शिक्षण कायद्याखाली, गरज असलेल्या मुलाला योग्य शिक्षण मोफत मिळणं हा त्याचा हक्क आहे, आणि तो मोडला तर आई-बापाला दाद मागता येते. तुम्ही आपल्या मर्जीने मूल खासगी शाळेत घातलंत, की हा वैयक्तिक हक्क तुमच्याबरोबर त्या दारातून आत येत नाही. खासगी शाळा चांगली असेल, प्रेमळ असेल, पण आठवड्यातून चार दिवस वाचून घेण्याचं बंधन तिच्यावर नसतं. तुम्हाला कुणी ना कुणी ईएसएबद्दलही सांगेल, म्हणजे २०२२ पासून अ‍ॅरिझोनातल्या प्रत्येक मुलासाठी उघडलेलं ते शिष्यवृत्ती खातं. विशेष गरज असलेल्या मुलांना त्यात रक्कम जास्त मिळते, हे खरं, आणि काही कुटुंबांचं त्यात भलं झालंय, हेही खरं. पण त्या करारावर सही करताना, मुलाला शिकवण्याच्या जबाबदारीतून तुम्ही शाळा-जिल्ह्याला, म्हणजे तुमच्या भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या यंत्रणेला, मोकळं करता. शिवाय ईएसए आणि एसटीओची शिष्यवृत्ती दोन्ही एका वेळी घेता येत नाहीत. तिसरीत अडखळत वाचणाऱ्या मुलासाठी मी यातला एकही कागद घाईने सही केला नसता. आधी शाळेत आयईपीची बैठक मागा. ती मागायचा तुम्हाला अधिकार आहे, वार्षिक बैठकीची वाट बघायला नको. गेल्या वर्षभरात वाचन कुठून कुठे आलं, हे आकड्यांत विचारा. प्रगती नसेल तर तक्रार करा, भांडा, आणि तरीही हललं नाही तर शाळा बदलायचा विचार जरूर करा.

आणि बदलायचीच ठरली तर पर्याय फक्त फी भरायच्या शाळेचा नाही. अ‍ॅरिझोनात १९९४ च्या कायद्यामुळे चार्टर शाळा आहेत, त्या मोफत आहेत. ओपन एन्रोलमेंटमुळे, जागा असेल तर, दुसऱ्या हद्दीतल्या सार्वजनिक शाळेतही प्रवेश मिळतो. 'स्कूल चॉइस' हा शब्द तुमच्या मित्रांच्या तोंडी फक्त खासगी शाळेसाठी येतो. तो त्याहून मोठा आहे. शाळा बघायला जाल तेव्हा ओपन हाउसच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी सगळ्याच भिंती रंगवलेल्या असतात. एखाद्या मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर जा. फीचा हिशोब मांडताना गणवेश, बस, डबा आणि दरवर्षीची वाढ धरा. शिष्यवृत्ती यंदा मिळाली म्हणून पुढच्या वर्षी तेवढीच मिळेल, असं कुणी लिहून देत नाही. दोन मुलं, मुलीची बारावीपर्यंत अजून सहा वर्षं, मुलाची नऊ. हा हिशोब कागदावर मांडला की पुष्कळ घरांत वाद आपोआप मिटतो, मी पाहिलंय.

वडिलांबद्दल. तुम्हाला भीती वाटते, की खासगी शाळा निवडली तर वडिलांशी प्रतारणा होईल. मला तसं वाटत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म घालवलेल्या कितीतरी शिक्षकांनी आपली मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातली, हे तुम्हालाही माहीत आहे. कुठल्याही आई-बापाला मुलाचं बघावंच लागतं. पण तुमच्या वडिलांनी पट टिकवण्यासाठी वाड्या-वस्त्यांवर फिरून मुलं गोळा केली असतील, तर पट कमी झाल्यावर शाळेचं काय होतं हे तुम्ही लहानपणीच पाहिलंय. फीनिक्समध्ये रूझवेल्ट नावाच्या शाळा-जिल्ह्याने डिसेंबर २०२४ मध्ये पाच शाळा बंद करायचा निर्णय घेतला. त्यामागे घटते जन्म, घरांच्या किमती, चार्टर, ईएसए अशी बरीच कारणं आहेत. एकट्या करसवलतीवर ते खापर फोडणं अन्यायाचं होईल. पण पट घसरला की काय होतं ते सांगलीत आणि फीनिक्समध्ये फारसं वेगळं नसतं. तेव्हा प्रतारणेची भीती सोडा, पण हे जे तुम्हाला ठाऊक आहे ते नवऱ्याला सांगा. तो कदाचित मुंबई-पुण्यात वाढला असेल. त्याने पट मोजणारा मास्तर घरात पाहिलेला नसेल.

अमेरिकेच्या इतर राज्यांतल्या वाचकांसाठी दोन ओळी, कारण हे लवकरच तुमच्याही दारात येणार आहे. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने अशीच सवलत देशपातळीवर आणली. १ जानेवारी २०२७ पासून शिष्यवृत्ती संस्थेला दिलेल्या १,७०० डॉलरपर्यंतच्या देणगीवर केंद्रीय करात तेवढीच सवलत. त्यात सहभागी व्हायचं की नाही ते प्रत्येक राज्य ठरवणार. मुलाच्या घरचं उत्पन्न त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या तिपटीपेक्षा जास्त नसावं, म्हणजे बरीच सुखवस्तू घरंही त्यात बसतील. एकाच देणगीवर राज्याची आणि केंद्राची, अशी दुहेरी सवलत मिळणार नाही. आणि कुणा एका मुलाच्या नावे पैसे राखून ठेवायला तिथेही मनाई आहे. साटंलोट्याचे प्रस्ताव मात्र येतीलच, कायद्याच्या आधी व्हॉट्सअ‍ॅप पोचतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांना वाटेल, आपल्याकडे असं काही आहे का? आपल्याकडे खासगी शाळेचं दार गरीब मुलाला उघडणारी वाट म्हणजे आरटीईच्या २५ टक्के जागा. तिथे मूल निवडते सोडत, देणगीदार नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने सरकारी शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खासगी शाळांना त्यातून सूट द्यायचा प्रयत्न केला, मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. सोडतीत नंबर न लागलेल्या आईचं दुःख मी पाहिलंय, पण ओळख नव्हती म्हणून नंबर लागला नाही, असं तरी तिला वाटू नये, ही त्यामागची कल्पना मला अजूनही पटते.

आता शनिवार. मित्रांना कायद्याचं व्याख्यान देऊ नका, त्यांना बहुधा नियम माहीतच नाही. असं काही तरी म्हणा: "आम्ही दोघांनी वाचलं, अदलाबदल चालत नाही, तुमचंही क्लेम अडकेल, जरा बघून घ्या." त्यांचाही त्यात फायदाच आहे. त्यांच्या मुलाला एखाद्या वर्षी खरंच अडचण आली आणि तुम्हाला मनापासून मदत करावीशी वाटली, तर परतफेडीची अट न घालता करा, पाहिजे तर त्याचंच नाव सुचवून. जेवायच्या आधी मात्र बोलू नका, पुरणपोळी असेल तर वाया जाईल. आणि निघताना मुलाला बरोबर नेणार असाल तर गाडीत त्याला विचारा, त्या बाई सध्या कुठलं पुस्तक वाचून घेताहेत.